केंद्र सरकारची माणसं कमी करायची कशी? आकृतिबंधापासून खाडीपलीकडच्या टपाल कार्यालयापर्यंत

१ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारच्या आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदांचा, आकडा होता ४० लाख ३५ हजार. प्रत्यक्ष कामावर माणसं होती साडेतीस लाख. उरलेली ९ लाख ७९ हजार पदं रिकामी. त्यामुळे ‘सरकारी माणसं फार झाली’ म्हणणारा आणि ‘ऑफिसात माणूसच नसतो’ म्हणणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही दोन वाक्यं एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

आपल्याकडे मनुष्यबळ ठरवून क्वचितच कमी होतं. बहुतेक वेळा ते गळतं. माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, पुढे पदही संपतं. ही गळती सगळीकडे सारखी होत नाही. जिथून प्रत्येकाला बदली हवी असते आणि जिथे यायला कुणी तयार नसतं, तिथे ती सगळ्यात आधी होते. कोकण किनारा अशा जागांनी भरलेला आहे. आस्थापना शाखेत प्रस्ताव तयार करणारा अधिकारी, संघटनेचा कार्यकर्ता आणि आपल्या गावचं कार्यालय ओस का पडलं हे शोधणारा नागरिक, तिघांनाही वापरता येईल अशी ही पद्धत आहे.

पहिली पायरी : आकडे वेगळे करा

मंजूर, भरलेली, रिक्त आणि अतिरिक्त (कामाच्या गरजेपेक्षा जास्त) हे चार आकडे चार वेगळ्या ओळींत लिहा. मंजूर पद कमी केलं तर कागदावरचा आकडा उतरतो, पगाराचं बिल उतरेलच असं नाही. रिक्त पद रद्द केल्यावर त्या दिवशी एक रुपयाही वाचत नाही, कारण त्या पदावर पगार जातच नव्हता. एवढ्यासाठी ‘इतकी पदं कमी केली’ ही घोषणा ऐकली की पहिला प्रश्न विचारायचा : भरलेली किती होती?

पाचवी ओळ यादीबाहेरच्यांची. कंत्राटी, रोजंदारी, एजन्सीमार्फत आलेले डेटा एंट्रीवाले. टपाल खात्यातले ग्रामीण डाक सेवकही इथेच लिहा. देशभरात ते अडीच लाखांच्या आसपास आहेत. त्यांच्या पूर्वसूरींचं पद नागरी पद आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटलं, पण नियमित कर्मचाऱ्यांत त्यांची गणती होत नाही. कोकणातल्या वाड्यावस्त्यांना दिसणारं केंद्र सरकार म्हणजे बहुतेक वेळा चार-पाच तासांच्या कामावरचा हा शाखा डाकपाल. ही पाचवी ओळ न लिहिता केलेली कपात ही बरेचदा नुसती एका ओळीतून दुसऱ्या ओळीत केलेली हलवाहलव असते.

आणखी एक. केंद्राची बहुतांश माणसं रेल्वे, गृह खात्याची सशस्त्र दलं, संरक्षण खात्याची नागरी आस्थापना, टपाल आणि महसूल यांच्यात आहेत. दिल्लीतल्या मंत्रालयांचे शिपाई कमी करून मोठा आकडा हलत नाही.

दुसरी पायरी : पदांची नोंदवही

प्रत्येक पदासाठी एक ओळ. पदनाम, मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक व तारीख, मुख्यालय, भरण्याची रीत (सरळसेवा, पदोन्नती की प्रतिनियुक्ती), बिंदुनामावलीतला (आरक्षणाच्या क्रमाच्या तक्त्यातला) बिंदू, सध्या कोण आहे, निवृत्ती कधी. संगणकातल्या यादीवर विसंबू नका, मूळ आदेश काढून ताडून पाहा. एका पदाचा आदेश एका गावचा आणि माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्याच गावात ‘तात्पुरता’ बसलेला, हे इतक्या वेळा सापडतं की त्यासाठी वेगळा रकानाच ठेवावा.

मग निवृत्तीचा तक्ता करा, पुढच्या दहा वर्षांचा, महिनावार. वर्षवार का नाही, तर आपल्याकडच्या एका जुन्या सवयीमुळे. पूर्वी मुलाला शाळेत घालताना मास्तर सरसकट १ जून जन्मतारीख लावून देत. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे ही सगळी मंडळी ३१ मे रोजी. सर्वसाधारण बदल्यांचा मोसमही त्याच सुमाराचा. परिणामी किनाऱ्यावरची कार्यालयं नेमकी पावसाच्या तोंडावर रिकामी होतात. महिनावार तक्ता नसेल तर हे दिसतच नाही, वर्षाची सरासरी मात्र छान दिसते.

तिसरी पायरी : आधी कामं, मग माणसं

कॅनडाने १९९४ मध्ये केंद्रीय खर्चाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाला ठरावीक सहा प्रश्न विचारले होते. हे लोकहिताचं आहे का, यात सरकारने असायला हवं का, असायचं तर केंद्रानेच का, दुसऱ्या कुणाबरोबर करता येईल का, यापेक्षा नीट करता येईल का, आणि परवडतं का. १९९५ च्या अर्थसंकल्पात ४५ हजार पदं कमी करण्याचं जाहीर झालं ते या प्रश्नांनंतर. आपल्याकडे क्रम उलटा लागतो. आधी टक्का ठरतो, मग तो सगळ्यांवर सारखा वाटला जातो.

तीन रकाने आखा : संपलेली कामं, बदललेली कामं, वाढलेली कामं.

संपलेल्या कामाचं ठळक उदाहरण म्हणजे तार. जुलै २०१३ मध्ये ती सेवा कायमची बंद झाली. दूरदर्शनची जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं बंद झाली, त्यांचं कामही संपलं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. इथे दोन नोंदवह्यांची एक झाली, पण पाकीट घेऊन घाटी चढणारा माणूस तोच राहिला. विलीनीकरणातली बचत टेबलावर होते, वाटेवर होत नाही.

बदललेल्या कामासाठी दीपगृह बघा. देवगड, जयगड, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचं दीपगृह, सगळीकडे स्वयंचलित यंत्रणा आल्या. दिवा लावणं-विझवणं हे काम म्हणून उरलं नाही. पण २६/११ नंतर किनाऱ्यावरून जहाजांची ओळख टिपणाऱ्या यंत्रणेची साखळी उभी राहिली आणि तिची उपकरणं दीपगृहांवरच बसली. खारं वारं, वीज पडणं, बॅटऱ्या, केबल यांची देखभाल आली. ‘दीपगृह आता आपोआप चालतं, माणूस कशाला’ हे जुलैमधल्या वादळी रात्री तिथे राहिलेला कुणी म्हणणार नाही. माणसं कमी लागतात, वेगळ्या शिक्षणाची लागतात, एवढंच खरं.

वाढलेल्या कामांत टपाल कार्यालयांतली आधार, पासपोर्ट आणि पेमेंट्स बँकेची कामं धरा. कोकणाची अर्थव्यवस्था एकेकाळी मनीऑर्डरवर चालते असं म्हणत. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आता बँक खात्यात जाते, पण खातं उघडायला, अंगठा उमटत नाही म्हणून पुन्हा यायला म्हातारी माणसं त्याच खिडकीवर उभी असतात.

चौथी पायरी : कामाचं मोजमाप

केंद्र सरकारकडे यासाठी जुनी यंत्रणा आहे. अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाचं कर्मचारी निरीक्षण पथक १९६४ पासून हेच करतं. त्यांची वाट न पाहता अंदाज घ्यायचा तर गणित सोपं आहे. पाच दिवसांच्या आठवड्याच्या कार्यालयात ३६५ मधून १०४ शनिवार-रविवार, १७ सुट्ट्या, ८ नैमित्तिक आणि २ ऐच्छिक रजा वजा करा. अर्जित रजा ३० दिवस जमा होते, त्यातली १५ वापरली जाते असं धरू. आजारपण-प्रशिक्षणाचे ९ दिवस. उरले २१०. दिवसाला ७ तास खरं काम धरलं तर माणशी १,४७० तास.

समजा एका कार्यालयात वर्षाला ९,००० प्रकरणं येतात आणि एकाला ४० मिनिटं लागतात. झाले ६,००० तास, म्हणजे चार माणसं. पाच असतील तर एक अतिरिक्त. कागद इथे संपतो.

आता तीच प्रकरणं आंब्याच्या मोसमाशी बांधलेली असतील आणि त्यातली ४० टक्के एप्रिल-मेमध्येच येत असतील तर? दोन महिन्यांत २,४०० तासांचं काम आणि माणशी हाताशी जेमतेम २९० तास. त्या काळात आठ माणसं लागतात, ऑगस्टमध्ये तीनही पुरतील. निरीक्षण पथक ऑगस्टमध्ये आलं तर तीन लिहून जाईल. म्हणून मोजणी निदान दोन मोसमांत करा आणि मोसमी कामासाठी आसपासच्या कार्यालयांतून माणूस उसना घेण्याची सोय आदेशातच लिहून ठेवा. गणपतीत निम्मं कार्यालय रजेवर असतं हेही धरा. ती रजा नाकारून दाखवणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी चूक अंतराची. लोकसंख्येवर बेतलेले निकष देशावरच्या सलग गावांना बरे लागू पडतात. कोकणातलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या दहा वाड्या. नकाशावर चार किलोमीटर दिसणारं गाव खाडीपलीकडे असलं, तर दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारखी फेरीबोट धरायची नाहीतर मोठा वळसा घालायचा. निकषात माणसांच्या संख्येबरोबर वाटेचा वेळ घाला. त्याशिवाय आलेला आकडा प्रस्तावात घालूच नये.

तिसरी गोष्ट पहाऱ्याच्या पदांची. किनाऱ्यावरच्या कस्टम्सच्या चौकीत वर्षभरात किती जप्त्या झाल्या यावरून तिथल्या माणसांचं काम मोजता येत नाही. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, तेव्हा पदं होती आणि त्यांवर माणसंही होती. पुढे खटल्यात कस्टम्सचे काही अधिकारीच दोषी ठरले. पहाऱ्याला माणूस लागतो, पण माणूस असला म्हणजे पहारा झाला असंही नाही. अशा पदांचा विचार फेऱ्या, पाळ्या आणि देखरेख यांवर करायचा. त्याला प्रकरणांचं गणित लावू नका.

पाचवी पायरी : रस्ता निवडा

*निवृत्तीची वाट पाहणं.* सगळ्यात सोपा, कुणाला न दुखवणारा आणि म्हणून सरकारांचा सगळ्यात लाडका रस्ता. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये दहा वर्षांत ३० टक्के कपात सुचवली होती. पगारवाढ घेतली गेली, कपात बाजूला राहिली. वर १९९८ मध्ये निवृत्तीचं वय ५८ वरून ६० झालं, त्यामुळे गळतीही दोन वर्षं थांबली. मग मे २००१ चा आदेश आला. दरवर्षी साधारण ३ टक्के लोक निवृत्त होतात, तेव्हा सरळसेवेच्या रिक्त पदांपैकी एक तृतीयांशच भरायची आणि तीही एकूण मंजूर पदांच्या १ टक्क्याच्या आत. म्हणजे वर्षाला २ टक्के आणि पाच वर्षांत १० टक्के कपात. ही व्यवस्था २००९ पर्यंत चालली.

गणितात खोट नव्हती. पण तीन जागांतली एक भरायची तर ती कुठली, हे ठरवणारे मुख्यालयात बसतात. आलेला नवा माणूसही पहिल्या संधीला मुंबईकडे बदली मागतो. दहा माणसांच्या कार्यालयात दोन कमी झाले तर २० टक्के कपात. एका माणसाच्या कार्यालयात एक कमी झाला तर दाराला कुलूप. आदेशाच्या भाषेत दोन्हीकडे पदंच कमी झालेली असतात. शिवाय भरती अडवली की काही वर्षांनी वयाची दरी पडते : वर पन्नाशीचे, खाली विशीतले, आणि काम शिकवायच्या वयाचे मधले गायब.

*पद रद्द करणं.* दोन वर्षं रिकामं राहिलेलं पद संपल्यात जमा धरायचं असा व्यय विभागाचा दंडक आहे, ते जिवंत करायला पुन्हा मंजुरी लागते. त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ हाही एक निर्णयच असतो. नोंदवहीत प्रत्येक रिक्त पदापुढे दोन वर्षं पूर्ण होण्याची तारीख लाल शाईने लिहा. ठेवायचं पद त्याआधी भरा, नको असलेलं उघडपणे रद्द करा. भरलेलं पदही सरकार रद्द करू शकतं. प्रामाणिक कारणासाठी केलेलं पदनिरसन ही शिक्षा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यावरच्या माणसाचं काय, हा पुढचा प्रश्न.

*समायोजन.* अतिरिक्त ठरलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९९० चे नियम आहेत. त्यांना दुसऱ्या खात्यातल्या रिक्त पदावर सामावून घेतात, वेतनाला संरक्षण मिळतं, निवृत्तिवेतनासाठी आधीची सेवा धरली जाते. सेवाज्येष्ठता मात्र नव्या खात्यात शून्यापासून. वीस वर्षं काढलेला माणूस काल आलेल्या पोराच्या खाली लागतो. हे त्याला पहिल्याच बैठकीत सांगा. आदेश हातात पडल्यावर कळलं की प्रकरण न्यायाधिकरणात जातं, आणि बरोबरच जातं.

कुडाळला घर, दारात काजू-आंब्याची चार कलमं, घरात म्हातारी आई, अशा माणसाला मुंबईतली समकक्ष जागा दाखवणं म्हणजे त्याला राजीनाम्याकडे ढकलणं. आधी जिल्ह्यात शोधा, टपाल, कस्टम्स, दीपगृह, तटरक्षक दलाची नागरी पदं. मग शेजारचा जिल्हा, मग मुंबई. समकक्ष पद नसेल तर प्रशिक्षण देऊन वेगळ्या पदावर घेता येईल का ते तपासा. याला महिने लागतात, म्हणून अतिरिक्त ठरवण्याच्या आधीच हा शोध सुरू करायचा.

*स्वेच्छानिवृत्ती.* अतिरिक्त कर्मचाऱ्यांसाठी २००२ मध्ये आलेल्या विशेष योजनेचं सूत्र असं : झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार. २८ वर्षं सेवा झालेला, ८ वर्षं उरलेला माणूस घ्या. ९८० अधिक २००, म्हणजे १,१८० दिवस, साधारण ३९ महिन्यांचा पगार. उरलेली नोकरी ९६ महिन्यांची. मधली दरी निवृत्तिवेतन कितपत भरून काढतं, मुलांची शिक्षणं झालीत का, घराचं कर्ज फिटलंय का, यावर त्याचा निर्णय ठरतो. हा हिशेब कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आकड्यांसह लेखी द्या. चहा पिताना कानात सांगितलेल्या आकड्यांवर लोक आयुष्याचे निर्णय घेतात आणि मग पस्तावतात.

हेच सूत्र २०१९ मध्ये बीएसएनएलने वापरलं. ती कंपनी आहे, पण तिथले बरेचसे जुने कर्मचारी मूळ दूरसंचार खात्यातून आलेले. ५० च्या पुढच्यांना मुभा होती आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक लोक एकाच दिवशी बाहेर पडले. पगाराचं ओझं उतरलं हे खरं. पण स्वेच्छानिवृत्तीत कोण जाणार हे जाणारा ठरवतो, खातं ठरवत नाही. जांभ्याच्या कातळात केबलचा जोड कुठल्या आंब्याखाली पुरलाय, हे ज्या लाइनमनच्या डोक्यात असतं तोही जातो, आणि ते कुठल्याच नकाशावर नसतं. म्हणून योजना जाहीर करतानाच दोन अटी घाला : ठरावीक पदांवरच्या माणसाचा अर्ज राखून ठेवण्याचा हक्क, आणि जाण्याआधी कामाची लेखी, जागेवर फिरून केलेली सोपवणी. सोपवणीला महिनाभर तरी द्या, आणि तो पावसाळ्यातला नसावा.

अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने २ लाख ७२ हजार ९०० पदं कमी करायचं ठरवलं आणि जाणाऱ्याला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. तिथेही पेच हाच : आकडा गाठता येतो, पण योग्य जागी गाठला का हे नंतर कळतं.

*मूलभूत नियम ५६ (जे).* याचा उल्लेख कपातीच्या चर्चेत हटकून होतो, म्हणून लिहितो. ५० किंवा ५५ वर्षांनंतर (गट आणि नोकरीत शिरतानाचं वय यावर अवलंबून) लोकहितासाठी सक्तीने निवृत्त करण्याचा हा अधिकार आहे. तो निरुपयोगी किंवा सचोटीबद्दल शंका असलेल्या माणसासाठी आहे. त्याने पद रिकामं होतं, कमी होत नाही. कपातीसाठी तो वापरू नका. खातेनिहाय चौकशी टाळायची पळवाट म्हणून वापरणंही न्यायालयांनी अमान्य केलं आहे.

सहावी पायरी : तळ ठरवा

कपातीचा टक्का ठरवण्याआधी ‘याखाली जायचं नाही’ ही रेघ मारा. माझं मत असं की जिथे लोक खिडकीवर येतात त्या कुठल्याही ठिकाणी मंजूर पद दोनपेक्षा कमी असू नये. तेवढं परवडत नसेल तर पाच-सहा कार्यालयांच्या गटामागे एक फिरता रजा-राखीव माणूस हवाच. एकहाती कार्यालयात तो एक आजारी पडला की निवृत्तिवेतन घ्यायला आलेली माणसं परत जातात, आणि त्यांच्या एसटीच्या भाड्याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. आधी जिल्हा आणि विभागाच्या मुख्यालयांत कपात करा. तिथे एकसारखी पदं अनेक असतात, काम वाटून घेता येतं, बाहेरून कुणाला कळतही नाही.

लहान संवर्गात बिंदुनामावलीही पाहा. तेरापर्यंत पदांच्या संवर्गाची नामावली वेगळी चालते. दोन पदं गेली आणि आरक्षणाचा बिंदू पुढे ढकलला गेला, तर तक्रार रास्त असेल. अनुशेष आहे का हे तपासल्याशिवाय सरळसेवेचं पद रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवू नका. अनुकंपा नियुक्त्याही गट क मधल्या सरळसेवेच्या रिक्त पदांच्या ५ टक्क्यांतच बसतात. पदं आटली की ती रांग लांबते आणि दारात विधवा बायका उभ्या राहतात. त्यांना काय उत्तर द्यायचं, तेही आधीच ठरवून ठेवा.

सातवी पायरी : कंत्राटाचा पूर्ण हिशेब

नियमित सफाई कामगाराचं पद गेलं आणि एजन्सीचा माणूस आला, तर खर्च ‘वेतन’ या शीर्षातून दुसऱ्या शीर्षात गेला. एजन्सीचा सेवाशुल्क, जीएसटी, भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, देखरेखीला लागणारा आपला माणूस, सगळं बेरजेत घ्या. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामावर कंत्राटी माणूस बसवला की तो कायम होण्याची आशा धरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर कायम होण्याचा तो रस्ता फार अरुंद झाला आहे. खरोखर मोसमी किंवा एकदाच करायच्या कामाला कंत्राट उत्तम. रोजच्या कामाला ते क्वचितच स्वस्त पडतं.

आठवी पायरी : कागद आणि माणसं

प्रस्तावाचा क्रम असा ठेवा : कामांची यादी, मोजमाप, तळाची रेघ, नोंदवही, समायोजनाची हमी, आणि सगळ्यात शेवटी पदसंख्या. संघटनेला मसुदा आधी दाखवा. सरकार आणि कर्मचारी संघटना यांची संयुक्त सल्लागार यंत्रणा १९६६ पासून याचसाठी आहे. संघटनावाले कधी कधी तुमच्या यादीत नसलेलं फुकट पद स्वतःच दाखवून देतात, फक्त बदल्यात खाडीपलीकडचं एक वाचवून मागतात. असा सौदा घ्यावा. सप्टेंबर २०२० पासून नवं पद निर्माण करायला व्यय विभागाची मंजुरी लागते. तेव्हा रद्द होणाऱ्या पदांच्या बदल्यात हवी असलेली नवी पदं त्याच प्रस्तावात, समतुल्य बचत दाखवून मागा. नंतर मागाल तर बचत आधीच खर्ची पडलेली असेल.

नागरिकासाठी

गावचं केंद्रीय कार्यालय रिकामं असेल तर नुसतं निवेदन देऊ नका. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि चार गोष्टी मागा : या कार्यालयाची मंजूर पदं पदनामानुसार, भरलेली पदं, प्रत्येक रिक्त पद कुठल्या तारखेपासून रिक्त आहे, आणि या कार्यालयाच्या पदावरचा कुणी दुसरीकडे काम करतोय का. चौथा प्रश्न विसरू नका, बरेचदा पद भरलेलं असतं आणि माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला असतो. ‘पद व्यपगत झाले’ (म्हणजे संपलं) असं उत्तर आलं तर आदेशाचा क्रमांक, तारीख आणि त्यासोबतचं कामाचं मोजमाप मागा. मोजमाप नसेल तर तेवढाच मुद्दा धरून खासदारांकडे जा आणि लोकसभेत प्रश्न लावायला सांगा. पद अजून जिवंत असेल तर ते रिक्त झाल्यापासून दोन वर्षं व्हायच्या आत हे झालं पाहिजे.